वीसपैकी वीस

बबिता आगिवलेची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम एक दिवस झाला होता, आणि आज मी पलंगावरून उतरणार नाही असं मी सगळ्यांना स्वच्छ सांगून ठेवलं होतं. ही आली, पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाली, "उठायचं, बाई."

"मी तुझ्या दुप्पट वयाची आहे."

"म्हणूनच म्हणते. तुमच्याकडे वेळ कमी आहे."

उठले. करते काय!

मी एकतीस वर्षं पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मळवलीला येऊन राहिले. बबिता लोणावळ्याच्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स होती आणि राहायला कामशेतला. मळवली स्टेशन दोन्हींच्या मध्ये. ड्यूटी संपवून घरी जाताना ती मळवलीला उतरायची, माझं ड्रेसिंग करायची, गुडघा वाकवून घ्यायची आणि पुढची लोकल पकडायची. टाके निघाले, मी काठीशिवाय चालायला लागले, तरी ही येतच राहिली. एक दिवस कारण सांगून टाकलं. "बाई, तुमचा गुडघा झाला. आता मला तुमचं डोकं पाहिजे. एम.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स असतं."

तोपर्यंत ती अर्धी वाट चालून आलेली होती. आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीतला तिचा जन्म. एसटी जिथे थांबते तिथून दोन तास चालायचं, त्यातला शेवटचा अर्धा तास नुसता चढ. आई लवकर गेली, वाढवलं ते चुलतीने, लीलाबाईने. आश्रमशाळेत बारावी, मग नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग कौन्सिलकडे नोंदणी. नोंदणीचं ते प्रमाणपत्र लीलाबाईने वाडीतल्या घराच्या कुडाला खिळा मारून लावलं आणि पहिल्याच पावसात भिजवलं. नोंदणीकृत परिचारिका झाली, म्हणजे वाडीच्या मते शिक्षण संपलं. बबिताच्याही मते बरीच वर्षं संपलेलंच होतं. अकरा वर्षं वॉर्डात काढली. मग नोकरी सोडून दोन वर्षं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं, पुन्हा वर्षभर वॉर्डात, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी एम.एस्सी.ला नाव घातलं. नवरा माऊली चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला. तो एवढंच म्हणाला, "आणखी किती इयत्ता उरल्यात ते एकदाच सांग." त्यापलीकडे त्याने कधी आडकाठी केली नाही.

इतकं कशाला, असं मीही तिला विचारलं होतं. मला उगाच पदव्या गोळा करणाऱ्यांचा कंटाळा आहे. ती म्हणाली, "वॉर्डात मी एका वेळी बारा पेशंट बघते. कॉलेजात शिकवायला लागले तर दर वर्षी चाळीस मुली माझ्या हाताखालून बाहेर जातील. त्यातल्या चार तरी वर वाड्यांमध्ये जातील." हिशेब बरोबर होता. मी शिकवायला घेतलं.

एम.एस्सी.ला प्रबंध लिहावा लागतो. तो न लिहिता परीक्षेला बसता येत नाही. या प्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे आणि तो पाहून माझं डोकं फिरायचं. एक विषय घ्या, तीस बायका घ्या, त्यांना वीस प्रश्न विचारा, मग शिकवा, मग तेच वीस प्रश्न पुन्हा विचारा, मार्क वाढले की प्रबंध झाला. बबिताने विषय घेतला सर्पदंशावरच्या प्रथमोपचाराच्या ज्ञानाचा, आणि बायका घेतल्या आपल्याच वाडीतल्या. विषय चांगला होता. आवणीला आणि कापणीला भाताच्या खाचरात हात घालणाऱ्या बायकाच असतात, आणि त्या भागात घोणस आणि मण्यार काही कमी नाहीत. वाडीत सापाचं नावही घेत नाहीत, साप चावला की 'पान लागलं' म्हणतात.

मे महिन्यात तिने पहिल्यांदा प्रश्न विचारले. बायकांना नीट लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा ही एकेकीसमोर बसून प्रश्न वाचणार, ती उत्तर देणार, ही खूण करणार, खाली अंगठा. नावं लिहायची नसतात, एक ते तीस नंबर. सरासरी आली वीसपैकी सात. मग तिने दोन दिवस शिकवलं. दोरी आवळायची नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही. भगताकडे जायचं नाही. चालवायचं नाही, पाय मोडल्यासारखा काठीला बांधायचा. पायातली जोडवी, पैंजण, हातातल्या बांगड्या लगेच काढायच्या, कारण सूज चढली की ते मांसात रुततात. आणि थेट दवाखाना. आठ दिवसांनी तिने तेच वीस प्रश्न पुन्हा विचारले.

सरासरी आली एकोणीस पूर्णांक सहा.

मी कागदांचा गठ्ठा तिच्यासमोर आपटला. "घरी बसून भरलेस ना?"

तिचा चेहरा काळवंडला. "बाई, अंगठे बघा."

"अंगठे खरे असतील. आकडे फार गुळगुळीत आहेत. तीस माणसं शिकली की कुणी पंधरावर अडकतं, कुणी नऊवर. इथे वीस बायकांना वीसपैकी वीस, दोघींना अठरा आणि बाकीच्यांना एकोणीस?"

"हुशार आहेत माझ्या बायका," ती म्हणाली आणि गठ्ठा उचलून पिशवीत घातला. त्या दिवशी चहा न पिता गेली. मी चुकले असं मला वाटलं आणि पुढच्या खेपेला तसं सांगितलंही. तिच्या मार्गदर्शक यशोधरा मॅडम तर खूश होत्या. डिसेंबरात प्रबंध द्यायचा, मे महिन्यात परीक्षा, आणि जूनमध्ये त्याच कॉलेजात शिकवण्याची एक जागा निघणार होती. एम.एस्सी. झालेल्यालाच ती मिळणार होती. मॅडमनी बबिताचं नाव वर सांगून ठेवलं होतं.

नोव्हेंबरचा पहिला रविवार. एम.एस्सी.साठी नोकरी सोडली होती, तरी सुट्टीच्या दिवशी ती अजून दवाखान्यात काम करायची. दुपारी तीनच्या सुमाराला एका जीपमधून एका बाईला उतरवलं. सकाळी आठला भाताचे भारे बांधताना घोणस चावली होती. पोटरीला सुतळीचे चार वेढे, मांसात गेलेले. हिरड्यांतून रक्त येत होतं. पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा, आणि दुसऱ्या बोटातली जोडवी दिसतच नव्हती, बोट त्यांच्यावरून फुगून आलं होतं. आधी तिला चालवत शेजारच्या वाडीतल्या भगताकडे नेलं होतं. मिरची खायला घालून तिखट लागते का ते पाहिलं होतं. मग पुन्हा चालवत ओढ्यापर्यंत, जीप येते तिथवर, आणलं होतं.

ती चिंगी होती. लीलाबाईच्या घरामागचं चौथं घर. बबितापेक्षा दोन वर्षांनी लहान, आश्रमशाळेत चौथीपर्यंत बरोबर. यादीत नंबर सतरा.

जोडवी कापायचं काम बबितानेच केलं. त्यासाठी एक लहान करवत असते, अंगठी कापायची. दोन जोडवी कापायला पंचवीस मिनिटं लागली. त्या वेळात चिंगी शुद्धीवर होती आणि म्हणत होती, "नको गं बबे. हायेत तशी ऱ्हाऊ दे. ह्यांना काय व्हईल."

ह्यांना, म्हणजे नवऱ्याला. तो दाराशी उभा होता, धडधाकट.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि पुण्याला पाठवलं. तिथे दोन दिवसांनी चिंगी गेली. मूत्रपिंडं बंद पडली होती. कापलेली जोडवी बबिताने गॉजमध्ये गुंडाळून नवऱ्याकडे दिली. त्याने ती चितेवर तिच्या पायांशी ठेवली.

बुधवारी ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात एकच कागद होता. सतरा नंबरचा. प्रश्न नववा: साप चावल्यास पायातले दागिने काढावेत का? हो. प्रश्न अकरावा: दोरी आवळून बांधावी का? नाही. प्रश्न बारावा: आधी भगताकडे न्यावं का? नाही. वीसपैकी वीस. खाली चिंगीचा अंगठा, शाई जरा पसरलेली.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात," ती म्हणाली. मला ते ऐकवेना.

दहाव्याला ती वाडीत गेली. तिथे जे झालं ते तिने मला सांगितलं ते असं. विधी उरकल्यावर ती लीलाबाईच्या ओट्यावर बसली आणि बायकांना सरळ विचारलं, "मला उत्तरं बरोबर दिली होती सगळ्यांनी. मग केलं का नाही?"

लीलाबाईच म्हणाली, "अगं, ती परीक्षेची उत्तरं व्हती."

"म्हणजे?"

"तुजी परीक्षा व्हती न्हवं? तू शिकवून गेलीस, मंग आठ दिस आमी रोज सांजच्याला बसत व्हतो. मी इचारायची, या सांगायच्या. नवव्याला व्हय, अकराव्याला न्हाई. ह्या चिंगीला तर ध्यानातच ऱ्हायचं न्हाई, तिला मी बोटावर मोजून पाठ करून घेतलं. म्हणलं, आपल्या बबीचा एक मार्क पन जाता कामा नये."

"काकी, ती माझी परीक्षा नव्हती गं. ते तुमच्यासाठी होतं."

"व्हय का?" लीलाबाई खरंच गोंधळली. "मंग तसं सांगायचं. पन जोडवी काढायची कसं व्हईल पोरी? धनी जिता असताना? ते तुज्या कागदावरचं झालं."

आणि मग तिने जे म्हटलं त्याने बबिता उठून चालू लागली. लीलाबाई म्हणाली, "आता गेली ती गेली. सवाष्ण गेली, येवढं तरी चांगलं झालं."

चढ उतरून, ओढा ओलांडून एसटीच्या थांब्यापर्यंत ती रडत आली. हे तिने मला सांगितलं नाही. माऊलीने सांगितलं, तो बरोबर होता.

आता प्रश्न होता प्रबंधाचा. तो छापून तयार होता, फक्त बांधणी बाकी. बबिता यशोधरा मॅडमकडे गेली आणि म्हणाली की हा मागे घ्यायचाय. मॅडम चांगल्या बाई आहेत, त्यांनी तासभर समजावलं. तुझा विषय ज्ञान हा आहे. ज्ञान तू मोजलंस, ते वाढलं. बायकांनी पाठ केलं म्हणजेसुद्धा ज्ञानच. त्यांनी वागायचं कसं हा वेगळा विषय झाला. विषय बदललास तर पुन्हा समितीची परवानगी, पुन्हा पाहणी, एक टर्म गेली, आणि जूनची जागा कुणासाठी थांबणार नाही.

ती तिथून माझ्याकडे आली. मी काय सांगितलं ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "मॅडम बरोबर बोलताहेत. तुझ्या आकड्यांत खोटं काही नाही. बांधून देऊन टाक, नोकरी घे, मग वाडीसाठी काय करायचं ते कर. भावनेच्या भरात इतक्या वर्षांचं पाणी करू नकोस."

ती माझ्या समोरच्या मोड्यावर बसली होती. माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाली, "बाई, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी चालायचं असतं हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं. डॉक्टरांनी पुस्तिका दिली होती. वाचली होती मी."

"मी तुम्हाला वीस प्रश्न विचारले असते तर वीसपैकी वीस. पण तुम्ही उठायला तयार नव्हतात."

मी गुडघ्यावरून पदर ओढून घेतला.

"मला मुलींना शिकवायचंय," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी वर्गात त्यांना काय सांगू? सतरा नंबरला पैकीच्या पैकी होते म्हणून?"

प्रबंध मागे घेतला. मॅडमनी सही करताना तिच्याकडे पाहिलं नाही, पण सही केली. टर्म गेली.

नव्या पाहणीची आखणी आम्ही दोघींनी माझ्या जेवणाच्या टेबलावर केली. विचारायचं नाही, करून घ्यायचं. एक बाई आडवी पडेल, बाकीच्यांनी एकेक करून यायचं आणि काय करतात ते बबिताने पाहून टिपायचं. वीस गोष्टी, वीस मार्क. चिंगीच्या जागी दुसरी कुणी घेऊन तीस पुरे कर, असं मॅडमनी कळवलं होतं. बबिता म्हणाली, नको. तिने नंबर तेच ठेवले, सोळानंतर अठरा. एकोणतीस बायकांवर गणित होतं का, एवढंच तिने मला विचारलं. होतं.

मे महिन्यात मीही वर गेले. माऊलीने ओळखीची जीप आणली, ती ओढ्यापर्यंत आली. पुढचा अर्ध्या तासाचा चढ मला सव्वा तास लागला, बबिता मागून "वाकवा बाई, वाकवा" करत होती. वाडीत पोचले तेव्हा लीलाबाईने मला लोट्याने पाणी दिलं आणि बबिताला विचारलं, "ह्याच का त्या आकडेवाल्या बाई? लईच म्हाताऱ्या हायेत की." मी म्हटलं, "तुम्ही काय कोवळ्या आहात का?" मग आमचं जमलं.

चावलेली बाई व्हायचं काम लीलाबाईनेच घेतलं. घोंगडीवर उताणी पडली, लुगडं पोटऱ्यांपर्यंत नीट केलं आणि जोरात कण्हायला लागली. चुलता शिदू दारात तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "आत्ताच येवढी बोंब? अजून चावलं पन न्हाई."

"तुमी गप ऱ्हावा. माजं मरान हाय, तुमचं न्हाई."

पहिली आली ती सुतळी घेऊनच. असं आवळलं की लीलाबाई खरोखरच ओरडली, "सोड गं भवाने, सापापरीस तू वाईट!" दुसरीने मिरची आणली. तिसरीने दोन्ही काखांत हात घालून तिला उभं केलं आणि चालवायला लागली. बायका हसून हसून लोळल्या. बबिता हसली नाही. एका कोपऱ्यात उभी राहून खुणा करत होती. एकोणतीस बायका आल्या. सव्वीस जणींनी सुतळी बांधली. जोडव्यांना हात लावला नाही एकीनेही. एक तरणी सून त्यांच्याकडे बघत अडखळली, तशी मागून कुणीतरी म्हणालं, "ए, शिदूआबा हितंच बसलेत की!" आणि पुन्हा हशा.

सरासरी वीसपैकी चार. मी कागदावर मांडून दाखवली. मे महिन्यात, वर्षापूर्वी, तोंडी सात होती.

दुपारी जेवणानंतर ती शिकवायला उभी राहिली. या वेळी तक्ते आणले नव्हते. ती म्हणाली, "चिंगीची जोडवी मी कापली. कशी कापली ते सांगते." आणि सांगितलं. बोट केवढं झालं होतं, करवत कुठून घातली, कातडी कशी आली. आवाज चढवला नाही, थांबली नाही. बायकांच्या पदराआडून हुंदके येऊ लागले तरी थांबली नाही. चिंगी काय म्हणत होती तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "तिचा नवरा तिथंच उभा होता. आजही आहे. तो जिवंत राहावा म्हणून ती गेली, आणि त्याला काही झालंच नसतं. काढून दाखवा कुणीतरी. आत्ता."

कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. माणसं एका दुपारीत बदलत नाहीत, हे मला आकड्यांवरून पक्कं माहीत आहे.

दारातून शिदू म्हणाला, "काढ गं."

लीलाबाईने मान वर केली. "तुमाला काय व्हतंय बोलायला. तुमच्याच जिवाचं हाय."

"मंग माजा जीव हाय, मीच सांगतो. चाळीस वर्सं काय तुज्या पायाच्या बोटावर जगलो व्हय मी? काढ. मेलोच तर तुज्या भाकरीनं मरन, जोडव्यानं न्हाई."

एरवी हशा झाला असता. झाला नाही. लीलाबाई खाली बसली आणि जोडवं ओढायला लागली. निघेना. चाळीस वर्षांत कधी काढलंच नव्हतं. कुणीतरी गोडंतेल आणलं. बबिताने हात पुढे केला तसा तिने झिडकारला, "मी काढते." बराच वेळ लागला. शेवटी एक सुटलं, मग दुसरं. बोटाभोवती कातडीचा पांढरा फटक पट्टा राहिला, बाकी पाय उन्हाने आणि चिखलाने काळा. दोन्ही जोडवी मुठीत घट्ट धरून तिने दाराकडे पाहिलं.

"हाय का वो?"

"हाय की," शिदू म्हणाला आणि तंबाखूची चिमूट ओठात ठेवली.

ती तशीच बघत राहिली. चांगली दोन-तीन मिनिटं. आम्हीही सगळ्या शिदूकडे बघत होतो, मी धरून. खोटं कशाला सांगू.

आठ दिवसांनी बबिताने पुन्हा सगळ्यांकडून करून घेतलं. सरासरी अकरा पूर्णांक दोन. एकोणतीसपैकी अठरा जणींनी आपापली जोडवी काढली. अकरा जणींनी नाही काढली, त्यातल्या एकीने तर सरळ सांगितलं, मी मेले तरी चालेल. तेही तसंच लिहिलं. आकडे आडवेतिडवे होते, तीनपासून अठरापर्यंत पसरलेले. इतके चांगले आकडे मी फार दिवसांत पाहिले नव्हते.

डिसेंबरात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंध चाळला. एवढ्याच पाहणीत इतरांचे मार्क अठरा-एकोणीसवर जातात, तुमचे अकरावर का, असं विचारलं. बबिता म्हणाली, "माझेही गेले होते." मग बाईंचं बोट यादीवर थांबलं. "सोळानंतर एकदम अठरा? टायपिंगची चूक?"

"नाही मॅडम. सतरा नंबर पाहणीतून गळला."

"कारण लिहावं लागतं."

"पान चौऱ्याहत्तरवर लिहिलंय."

बाईंनी पान चौऱ्याहत्तर काढलं. यशोधरा मॅडम शेजारी बसल्या होत्या, त्यांनी चष्मा काढून पुसला. वाचून झाल्यावर परीक्षक बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, नमुना कसा निवडला त्याबद्दल. बबिताला त्याचं उत्तर नीट देता आलं नाही. मी शिकवलेलं होतं, तरी आलं नाही. पास झाली. दुसरा वर्ग.

शिकवण्याची जागा जूनमध्येच भरली गेली होती. दुसरी अजून निघालेली नाही. एम.एस्सी. झालेली बबिता आज त्याच वॉर्डात बारा पेशंट बघते, आणि नवशिक्या मुली सुया टोचायला घाबरल्या की त्यांचा हात धरते. पगारात फरक नाही. मला याचा राग येतो. तिला विचारलं तर म्हणते, "बाई, जागा काय, निघेल." मे महिन्यात चार दिवस रजा टाकून वर जाते. लीलाबाई घोंगडी टाकून तयार असते.

यंदा कापणीत सकाळी सातला यादीतल्या नऊ नंबरला घोणस चावली. नाव लिहू नका असं बबिताने मला बजावलंय. दहाच्या आत दवाखान्यात आणली, झोळीत घालून, न चालवता. पाय बांबूच्या कांबीला बांधलेला. जोडवी नवऱ्याच्या उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली, त्याने ती आल्याबरोबर सोडून दाखवली. पण पोटरीला सुतळी होतीच. सैल होती, दोन बोटं जात होती, तरी होती. बबिताने विचारलं, ही कशाला? नवरा खाली मान घालून म्हणाला, "आईनं बांधली. म्हणली, थोडी तरी असू द्या."

बाई वाचली. आठवड्याने घरी गेली.

"किती मार्क?" मी विचारलं.

बबिताने बोटांवर मोजलं. "चौदा," ती म्हणाली. "सुतळीचे जास्तच कापले." मग घड्याळ बघून उठली, तिची लोकल यायची वेळ झाली होती.